टिलमनने ऐकलेला टचडाउन

१

ज्या टचडाउनची आमच्या अवघ्या पठाराने अकरा वर्षे वाट पाहिली, तो शनिवारी झाला आणि रेडिओवर जवळजवळ कोणालाही ऐकू आला नाही.

हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे, कारण त्या क्षणी मी समालोचन-कक्षातच होतो. माझे नाव व्हर्न टूमा. आठवडाभर मी धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळतो आणि शनिवारी वॉर्डन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल-प्रक्षेपणात दुर्बीण धरतो. मैदानावर बॉल कोणाच्या हाती आहे ते मी पाहतो आणि समोरच्या पाटीवरील त्याच्या नावावर बोट ठेवतो. आमचे समालोचक आर्विड केसल त्या बोटाकडे पाहून बोलतात. माझे शिक्षण अर्धवट राहिले. परंतु आर्विड केसलांच्या उजव्या बाजूस बसण्याचा मान मला लाभला आहे आणि त्याहून मोठी पदवी मला ठाऊक नाही.

त्या दिवशी प्रतिस्पर्धी होते मिझेल कॉलेज. उभय संघांमध्ये विजयचिन्ह म्हणून दुधाची एक जुनी, पोचे पडलेली कॅन आहे. जो जिंकतो तो ती घरी नेतो आणि नेण्यापूर्वी मैदानाच्या कडेला हातोडीने बडवतो. तिचा तो घणघणाट रेडिओवरून घरोघरी पोहोचलाच पाहिजे, असा आमचा दंडक आहे. अकरा वर्षे ती मिझेलवाल्यांच्या भोजनगृहात पडून होती. कोणी म्हणे, ते तिच्यात छत्र्या ठेवतात.

अखेरची चाल सुरू झाली. आमचा रेनर बॉल घेऊन सुटला. आर्विड उठून उभे राहिले आणि बोलले. काय बोलले ते पुढे येईलच. माझे डोळे दुर्बिणीला चिकटलेले होते. रेनर बॉलसह अखेरच्या रेषेपार गेला, टचडाउन झाला आणि स्टेडियम थरारून उठले.

तेवढ्यात कक्षातील फोन वाजू लागला, तो थांबेचना. पहिला फोन एका ट्रॅक्टरमधून होता.

"काय रे, मेलात की काय सगळे? नुसता गलका ऐकू येतोय! कोणी केला? आपण केला की त्यांनी?"

फोन आले त्या साऱ्या गावांच्या रेडिओ केंद्रांवर गर्दीचा आवाज व्यवस्थित गेला होता, आर्विडांचा मात्र एक शब्दही नाही. बोलताना खोकला आला तर माईक तेवढ्यापुरता बंद करावा म्हणून त्यांच्या टेबलावर एक कळ असते. आम्ही तिला खोकल्याची कळ म्हणतो. संध्याकाळ होण्यापूर्वीच सर्वत्र पसरले की, म्हातारा भान हरपून त्या कळीवर बोट दाबून बसला.

आर्विडांनी हे ऐकले, टोपी घातली आणि शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. बोट माझंच होतं."

२

रविवारी चर्चहून परतलो तो माझ्या दारात जज्जबाई उभ्या. ओटिली ब्रँड या जिल्हा न्यायालयातून निवृत्त झालेल्या न्यायाधीश आणि विद्यापीठाच्या क्रीडा समितीच्या सदस्य. सामना पाहताना त्या विणकाम करतात, आणि संघ हरू लागला की टाके घट्ट पडतात. मागच्या वर्षी त्यांनी विणलेला स्वेटर कोणाच्या डोक्यातून शिरला नाही.

"व्हर्न, मंगळवारी समिती बसतेय," त्या म्हणाल्या. "दोन विषय आहेत. एक, आर्विडला आताच घरी बसवायचं, की हंगाम पुरा करू द्यायचा. दुसरा, आपलं प्रक्षेपण शहरातल्या त्या मोठ्या कंपनीच्या हवाली करायचं का. पहिल्याचं उत्तर 'घरी बसवा' आलं, की दुसऱ्याचं आपोआप येतं. आर्विड आहे म्हणून तर लोक ऐकतात."

"पण जज्जबाई, त्यांनी स्वतःच कबूल केलंय."

"तेच तर मला खटकतंय. माझ्यासमोर इतक्या घाईनं गुन्हा कबूल करणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याचा गुन्हा कबूल करत असे. बस गाडीत."

वाटेत त्यांनी विचारले, "तो बोलला काय होता?"

मी घुटमळलो. त्या कक्षात आम्ही तिघेच होतो: आर्विड, सहसमालोचक मार्कस टॉलिव्हर आणि मी. ते शब्द बाहेर न्यायचे नाहीत असे मार्कसने आणि मी त्याच सायंकाळी ठरविले होते. लोकांनी त्यांचा विपरीत अर्थ काढला असता.

"व्हर्न, मी चाळीस वर्षं माणसांची गुपितं पोटात ठेवली आहेत. तुझं एक मावेल."

मग मी सांगितले. रेनर सुटला तेव्हा आर्विड वॉल्टरशी बोलत होते. वॉल्टर नेस हा त्यांचा जुना सहकारी. मार्कसच्या खुर्चीत आयुष्यभर तोच बसला. गेल्या हिवाळ्यात तो वारला. कॅन परत आलेली त्याला पाहायची होती.

जज्जबाईंनी गाडीचा वेग कमी केला. "हे आणखी कोणाला सांगितलंस?"

"बायकोलासुद्धा नाही."

"मग यापुढेही नको."

मार्कस आम्हाला व्यायामशाळेत भेटला. तो पूर्वी आमच्याच संघाचा धुरंधर खेळाडू होता. गुडघा मोडला आणि तो माईकपाशी आला.

"सरळ विचारते," जज्जबाई म्हणाल्या. "आर्विड गेला तर खुर्ची तुला मिळते."

मार्कस हसला. "मला हवीच आहे ती, बाई. त्यांनी स्वतः उठून, खांद्यावर हात ठेवून 'बस' म्हटलं पाहिजे. चोरलेल्या खुर्चीत माझा हा गुडघा बसायचा नाही."

"तू का गप्प होतास?"

"चाल सुरू असताना दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हा नियम. वॉल्टरनं घालून दिलेला. नंतर बोलायचं असतं, पण नंतर मी रडत होतो. व्हर्नला विचारा. माझ्याच रुमालात नाक शिंकरत होता हा."

दुर्दैवाने ते सत्य होते.

३

तांत्रिक खोली समालोचन-कक्षाच्या मागे, जिन्याच्या तोंडाशी आहे. तेथील सर्वेसर्वा डोरीन पेट्रिक. तिचा बाप आर्विडांचा बालमित्र होता.

"आर्विडनी सांगितलंय ना, चूक त्यांची? मग झालं," ती तारांच्या गुंत्यात डोके घालून म्हणाली. "मी माझ्या जागेवर होते."

जज्जबाईंनी टेबलावरील काळ्या पेटीवर बोट ठेवले. "ही कशासाठी?"

ही पेटी गेल्या वर्षी बसविली. आमच्याकडे सारे लोक विद्यापीठाच्या दूरदर्शन वाहिनीवर चित्र पाहतात आणि तिचा आवाज बंद करून कानांनी आर्विडांना ऐकतात. परंतु चित्र रेंगाळत येते आणि रेडिओ धावत. टचडाउन दिसण्यापूर्वीच ऐकू येई आणि लोक चिडत. म्हणून समालोचकांचा आवाज ही पेटी काही क्षण अडवून ठेवते आणि चित्राबरोबर सोडते. तिच्यावर एक लाल बटण आहे. समालोचकाच्या तोंडून शिवी गेलीच तर ते दाबायचे. अडवलेले शब्द पुसले जातात आणि केवळ गर्दीचा आवाज पुढे जातो.

"म्हणजे शनिवारी झालं तसंच," जज्जबाई म्हणाल्या.

डोरीनने पुन्हा तारांत डोके घातले.

"सामना संपताक्षणीच रेडिओवर कॅनचा घणघणाट ऐकू आला. व्हर्न, कसा होता?"

"कानठळ्या बसवणारा," मी म्हणालो. "हेडफोनमध्ये जणू कॅन आमच्या मांडीवर होती."

"गर्दीचा माईक तर छपरावर आहे. छपरावरून कॅन इतकी जवळ कशी वाजेल? कोणीतरी माईक घेऊन तिच्याशेजारी उभं होतं. आणि आपल्याकडे माईक घेऊन धावणारं माणूस एकच आहे."

डोरीन खुर्चीत कोसळली. "अकरा वर्षं, बाई! मी इथे लागले तेव्हापासून एकदाही ती कॅन वाजली नाही. माझे वडील तो आवाज ऐकायचा म्हणून तळमळत गेले. मी सगळं चालू ठेवलं आणि शेवटची चाल सुरू व्हायच्या आत खाली पळाले. खुर्ची सोडायची नाही हा नियम आहे. संचालकांना कळलं तर संपलंच. वर पाहिलं तर आर्विड माझ्याकडेच बघत होते."

"आणि म्हणूनच तो म्हणतो, बोट कळीवर होतं," जज्जबाई हळूच म्हणाल्या. "त्याला वाटलं, तू नव्हतीस म्हणून काहीतरी बिघडलं. तुला वाचवायला आळ स्वतःवर घेतला."

"मी काही दाबलं नाही हो! देवाशप्पथ!"

"तू नाहीस. पण खोली मोकळी होती आणि दार उघडं." त्यांनी भिंतीकडे पाहिले. तेथे गावोगावहून आलेल्या निरोपांच्या चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या. "या शिव्या सगळ्या केंद्रांकडून आल्या?"

"सगळ्या. फक्त टिलमनकडून नाही."

"टिलमनवाले फार सभ्य आहेत का?"

"सभ्य?" डोरीनला त्याही स्थितीत हसू आले. "गेल्या वर्षी सामन्यात पाऊस पडला, तर त्यांनी आम्हाला फोन करून जाब विचारला होता!"

४

संचालक ट्रेंट हॅलॅक यांच्या कार्यालयाला मैदानाकडे उघडणारी मोठी काच आहे. त्यांनी आम्हास स्वहस्ते कॉफी दिली. मनुष्य सुसंस्कृत होता, हे मान्य केले पाहिजे.

"मलाही वाईट वाटतं, बाई. आर्विड म्हणजे इथलं दैवत. पण काळ बदलला. कंपनीचा स्टुडिओ बघा, एकाच जागी बसून वीस विद्यापीठांचं प्रक्षेपण करतात."

"आणि ही छोटी गावं?"

"काही राहतील, काही जातील. टिलमनसारखी तर मी नव्या यादीतून आताच काढली आहेत. बियाण्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत रेडिओ केंद्र! हसतात लोक."

"सामना तुम्ही कुठून पाहिलात?"

"देणगीदारांच्या दालनात. टीव्हीचा आवाज बंद, रेडिओ चालू. आपल्याकडे सगळे करतात तसंच."

"शेवटपर्यंत?"

"अर्थात! पण शेवटी सगळे काचेला नाक लावून उभे होते, कोण कोणाकडे बघतंय? अचानक रेडिओवर नुसता गलका. मला धक्काच बसला." त्यांनी सुस्कारा टाकला. "भावना बाजूला ठेवा, बाई. संघ जिंकत असताना जो माणूस मेलेल्या मित्राला हाका मारत बसतो, त्याचं बोट कुठे होतं हे त्याला कसं कळणार?"

जज्जबाईंनी कॉफीचा अखेरचा घोट घेतला, आभार मानले आणि बाहेर आल्या. मी रागाने धुमसत होतो.

"किती उद्धटपणे बोलला!"

"उद्धटपणे नाही, व्हर्न. घाईनं बोलला." त्यांनी विणकाम पिशवीत कोंबले. "उद्या कोठाराला सुट्टी टाक. टिलमनला जाऊ."

५

टिलमन हे गाव नदीकाठच्या कड्यांच्या कुशीत वसले आहे. विद्यापीठाच्या वाहिनीचे चित्र त्या कड्यांना ओलांडून तेथे कधीच पोहोचले नाही. बियाण्यांच्या दुकानाची मालकीण जून अमडाल हीच केंद्रप्रमुख. आम्ही आत शिरलो तेव्हा ती पोती रचत होती. माझ्या टोपीवरील ससाणा, म्हणजे आमच्या संघाचे चिन्ह, पाहताच तिने हातातले पोते टाकले.

"अग बाई! आर्विडकडची माणसं! शनिवारपासून गावात दुसरा विषय नाही. चर्चमध्ये सामुदायिक जेवण होतं, रेडिओ लावला होता. पाद्रीबाबा प्रार्थना म्हणत होते, त्यांना मध्येच थांबवलं."

"मी स्वतःच थांबलो," दारातून एक गोरापान वृद्ध गृहस्थ म्हणाला. तेच पाद्रीबाबा. "देवालाही ऐकायचं होतं."

जज्जबाईंनी अत्यंत सावधपणे विचारले, "काय ऐकलंत तुम्ही?"

जूनने छातीवर हात ठेवला आणि बोलू लागली. दुसऱ्या वाक्याला पाद्रीबाबा मिळाले. तिसऱ्याला खतांच्या डब्यांमागून एक गिऱ्हाईक. मी नकळत टोपी काढली. कारण ते शब्द समालोचन-कक्षाबाहेर कोणीच ऐकले नाहीत अशी माझी खात्री होती, आणि ही माणसे ते अक्षरशः, आर्विडांच्या श्वासासकट म्हणत होती.

"जून," जज्जबाईंनी विचारले, "बाकीच्या गावांना यातलं काहीच ऐकू आलं नाही, माहीत आहे?"

जूनने गिऱ्हाईकाकडे, मग पाद्रीबाबांकडे पाहिले.

"काहीच नाही?" जून म्हणाली. "अरेरे! मग त्यांच्या आयुष्यात राहिलं काय?"

६

मंगळवारी समितीची सभा विद्यापीठाच्या जुन्या सभागृहात भरली. आर्विड पहिल्या रांगेत टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. संचालक हॅलॅक यांचे भाषण सुरेख झाले. ते संपत आले तोच मागचे दार उघडले आणि चर्चच्या बसमधून आलेले टिलमन गाव आत शिरले. शेतकरी, शाळेच्या बाई, पाद्रीबाबा, आणि हातात घरी भाजलेला गोड ॲपल पाय घेतलेली जून, कारण रिकाम्या हाताने कोणाकडे जायचे नसते.

"हे माझे साक्षीदार," जज्जबाई म्हणाल्या. "शनिवारी शेवटच्या चालीत तुम्ही काय ऐकलंत?"

गाव उभे राहिले. पाद्रीबाबांनी मान हलवून सुरुवात करून दिली आणि सारे एका सुरात बोलू लागले:

"बॉल रेनरकडे! रेनर डाव्या हाताला. एकाला चुकवलं. दुसऱ्याला लोळवलं. आता समोर गवत आहे, नुसतं गवत! ऐकतोयस ना, वॉल्टर? बघ, कोणी नाही त्याच्यापुढे! कॅन घरी येतेय, वॉल्टर! अकरा वर्षं झाली, मित्रा, कॅन घरी येतेय!"

आर्विडांनी मागे वळून पाहिले. उभ्या आयुष्यात ते तीस गावांशी बोलत आले होते. त्यांचे बोल एखाद्या गावाने त्यांना परत ऐकविण्याची ही पहिली वेळ होती.

"टिलमनला चित्र दिसत नाही," जज्जबाई समितीला म्हणाल्या, "म्हणून आवाज अडवून ठेवायची तिथे गरज नाही. त्यांची तार पेटीच्या आधीच फुटते. ती वॉल्टर नेसनं ओढून घेतली होती. तो मूळचा टिलमनचाच. आता बघा. आर्विडचं बोट खोकल्याच्या कळीवर असतं, तर टिलमनलाही काही ऐकू आलं नसतं. त्यांना सगळं ऐकू आलं. म्हणजे आर्विडनं माईक बंद केला नाही. आवाज पेटीत शिरला आणि तिथे कोणीतरी लाल बटण दाबून ठेवलं."

"तिथे डोरीन असते!" हॅलॅक म्हणाले.

डोरीन उभी राहिली. तिचा आवाज ठाम होता. "मी नव्हते. मी कॅनपाशी होते. नियम मोडला, जी शिक्षा असेल ती द्या. पण आर्विडनी माझ्यासाठी खोटं बोलू नये."

"बस खाली, पोरी," आर्विड पुटपुटले.

"मोकळी खोली," जज्जबाई पुढे म्हणाल्या. "आणि पेटीत शिरणारे शब्द ऐकायला एक हेडफोन, टेबलावर पडलेला. मिस्टर हॅलॅक, आर्विड वॉल्टरशी बोलत होता हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना ठाऊक..."

"कोणालाच ठाऊक नव्हतं. रेडिओवर तुम्ही नुसता गलका ऐकलात, तुम्हीच म्हणालात. कक्षातल्या तिघांनी ते शब्द बाहेर काढले नाहीत. आर्विड, तू यांना सांगितलंस?"

"मी फक्त 'चूक माझी' म्हणालो," आर्विड म्हणाले. "वॉल्टरचं माझं बोलणं मी संचालकांना कशाला सांगू?"

"मग ते शब्द ऐकायच्या दोनच जागा उरतात. एक टिलमन. तिथे मिस्टर हॅलॅक होते का हो?"

"यांना तर आम्ही आज पहिल्यांदाच बघतोय," जून म्हणाली. "यादीतून काढताना तरी एकदा यायचं होतं. कॉफी दिली असती."

सभागृहात हशा पिकला. हॅलॅक मात्र हसले नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, पण ओठांना लावला नाही.

"मी डोरीनला एक निरोप द्यायला गेलो होतो," ते अखेर म्हणाले. "ती नव्हती. हेडफोन कानाला लावला तर हा माणूस मेलेल्याशी बोलतोय. वाटलं, कंपनीचे लोक ऐकतायत, हसतील. दाबलं बटण. मग सगळे म्हणाले म्हाताऱ्याचीच चूक, आणि... ते सोयीचं होतं. हा त्या खुर्चीत असेपर्यंत तुम्ही प्रक्षेपण कधीच सोडलं नसतं. मी विद्यापीठाचंच भलं बघत होतो."

"विद्यापीठ यांचं आहे," जज्जबाईंनी मागे उभ्या असलेल्या गावाकडे हात केला. "यांना ऐकू येतं, तोवर ते आहे."

मतदानाला वेळ लागला नाही. हॅलॅक यांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. कंपनीला नम्र नकार गेला. खुर्ची सोडल्याबद्दल डोरीनला लेखी समज मिळाली आणि त्याच बैठकीत ठरले की, कॅनपाशी उभे राहण्यास यापुढे स्वतंत्र माणूस असेल. टिलमन यादीत परत आले, तेही सर्वांत वर.

७

पुढच्या शनिवारी नव्या प्रभारी संचालकांनी आर्विडांना विनंती केली की, सामन्यापूर्वी त्यांनी तो टचडाउन पुन्हा एकदा बोलून दाखवावा. बाकीची सारी गावे त्याला मुकली होती.

"नाही जमायचं," आर्विड म्हणाले. "ते एकदाच बोलायचं असतं. मी बोललो. आता ते माझ्याकडे नाही, टिलमनकडे आहे. त्यांना विचारा."

म्हणून त्या दिवशी आमच्या इतिहासात प्रथमच प्रक्षेपण उलट दिशेने वाहिले. बियाण्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत गाव दाटीवाटीने उभे राहिले आणि वॉल्टरने ओढलेल्या त्या जुन्या तारेवरून त्यांचा आवाज निघून सर्व केंद्रांवर गेला. ट्रॅक्टरमध्ये, स्वयंपाकघरांत, इस्पितळांच्या खाटांवर लोकांनी रेनरला धावताना ऐकले. कॅन घरी येतेय, वॉल्टर. त्यानंतर खाली मैदानाच्या कडेला कोणीतरी हातोडी हाणली, आणि तो घणघणाट पठारभर गेला.

समालोचन-कक्षात आर्विड हेडफोन लावून बसले होते. मार्कस खिडकीबाहेर पाहत होता. टिलमनचे बोलणे संपले आणि सामना सुरू करण्याचा इशारा झाला. तरी आर्विडांना शब्द फुटेना.

त्यांचा हात टेबलावर पुढे सरकला. या वेळी मी दुर्बीण खाली ठेवली होती, म्हणून हे मी शपथेवर सांगू शकतो. त्यांचे बोट खोकल्याच्या कळीवर होते, आणि घसा मोकळा होईपर्यंत ते तेथेच राहिले.